व्यवहारदृष्टि : मोटारीचे जुने भाग

सांगलीच्या एका भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांच्या घरीं तीन भावांचा एकत्र संसार असून सर्वांमिळून बारा वर्षांची एक मोटार आहे. सासूबाईंना दवाखान्यांत न्यावयाचें, मुलांना परीक्षेच्या गांवीं पोहोंचवावयाचें, कुलदैवताच्या दर्शनास जावयाचें, हें सर्व तिच्यावरच चालतें. अलीकडे त्या मोटारीचें स्टिअरिंग जड झालें. स्टिअरिंगला विजेचें साहाय्य देणारी नियंत्रक पेटी बिघडली आहे, असें फिटरनें सांगितलें. नव्या पेटीची किंमत ऐकून वडील मंडळी गप्प झाली. इतक्यांत धाकट्या दिरांनीं तोच भाग ‘वापरलेला, परंतु उत्तम स्थितींतील’ म्हणून मोबाईलवर तिसऱ्या हिश्शाच्या किंमतींत शोधून काढला. “भावोजी म्हणतात घेऊं, मामंजी म्हणतात नको, आपणच काय तें सांगावें,” असें भगिनींनीं लिहिलें आहे.

मी शाळामास्तर, यंत्रशास्त्राचा जाणकार नव्हे. परंतु हा प्रश्न यंत्राचा जितका, तितकाच व्यवहाराचा आहे; आणि व्यवहाराचा विचार आपल्या पूर्वजांनीं पुष्कळ सूक्ष्मपणें करून ठेविला आहे. सातारा व सांगली ह्या दोन्ही जिल्ह्यांत आतां घरोघर मोटारी झाल्या. त्यांतील कित्येक जुन्या आहेत, व त्यांच्या डागडुजीचा प्रश्न अनेक कुटुंबांपुढें उभा राहतो. म्हणून भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर थोडें विस्तारानें देतों.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. जुना भाग घेणें म्हणजे कांहीं कमीपणाचें अथवा वावगें काम आहे, असें मुळींच नाहीं. सोलापूरचे वालचंद हिराचंद, ज्यांचें नांव सांगलीचें अभियांत्रिकी महाविद्यालय आज धारण करतें, त्यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापिली. त्या कंपनीची पद्मिनी कोणे एके काळीं घराघरांत मानानें उभी असे. तिचें उत्पादन बंद होऊन पाव शतक होत आलें. अँबॅसडर आणि मारुति ८०० ह्या दोन्ही गाड्या २०१४ सालीं बंद झाल्या. अशा मोटारी ज्यांनीं जपून ठेविल्या आहेत, त्यांना कित्येक भाग जुन्या बाजाराखेरीज मिळावयाचेच नाहींत. शिवाय चालू गाडीचाही एखादा दरवाजा चेपला, आरसा फुटला, तर नव्यासाठीं दामदुप्पट मोजण्याचें कारण नाहीं. पुण्याच्या जुन्या बाजारांत बुधवारीं व रविवारीं हिंडणारा मनुष्य काटकसरी असतो. दोष जुनेपणांत नाहीं. ती वस्तु कोठून आली, हें न विचारण्यांत आहे.

आपल्या धर्मशास्त्रांत व्यवहाराचीं जीं अठरा पदें सांगितलीं आहेत, त्यांत ‘अस्वामिविक्रय’ म्हणून एक स्वतंत्र पद आहे. जो वस्तूचा धनी नाहीं, त्यानें ती विकणें, असा त्याचा अर्थ. कौटिल्यानेंही अर्थशास्त्रांत बाजारावरील अधिकाऱ्याला आज्ञा केली आहे कीं, जुन्या मालाची विक्री अथवा गहाणवट, विकणाऱ्याची मालकी शाबीत झाल्यावरच होऊं द्यावी. नव्या मालाविषयीं हा प्रश्न सहसा उद्भवत नाहीं. जुन्याविषयीं तो नेहमींच उद्भवतो, हें त्या चाणाक्ष पुरुषानें जाणलें होतें. याज्ञवल्क्यानें तर खरेदीदारालाच ओळखीच्या खुणा सांगितल्या आहेत. ती वस्तु ज्याच्यापाशीं असण्याचा संभव नाहीं अशा माणसाकडून, एकांतांत, फार थोड्या किंमतीस, अथवा भलत्याच वेळीं जो विकत घेतो, त्यालाच चोर समजावें, असा त्याचा अभिप्राय आहे. ह्या चार खुणा घेऊन मोटारींच्या भागांचा आजचा बाजार तपासून पाहावा. एकही खूण शिळी झालेली नाहीं, असें दिसून येईल.

पहिली खूण विकणाऱ्याच्या योग्यतेची. ज्याचें स्वतःचें गॅरेज नाहीं, दुकान नाहीं, मोडीत काढलेली गाडीही नाहीं, त्याच्यापाशीं एकाच जातीचे चार सायलेन्सर कोठून आले? हा प्रश्न सायलेन्सराविषयीं मुद्दाम विचारावा. आधुनिक मोटारींच्या सायलेन्सराला जोडून धूर शुद्ध करणारा एक डबा असतो. त्याच्या आंतील मधाच्या पोळ्यासारख्या जाळींत प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम ह्या मूल्यवान धातूंचा अत्यल्प अंश असतो. त्या लोभानें उभ्या गाडीखालून हे डबे कापून नेणारे चोर जगभर आहेत. आणि जो डबा राजरोसपणें विकावयास येतो, त्यांतील जाळी पुष्कळदां आधींच काढून घेतलेली असते. घेणाऱ्याच्या पदरीं पोकळ लोखंड येतें.

दुसरी खूण एकांताची. जो विक्रेता आपल्या दुकानीं बोलावीत नाहीं, महामार्गालगतच्या एखाद्या धाब्यापाशीं अथवा बसस्थानकाच्या मागें भेटूं म्हणतो, पावती मागितली कीं हंसून विषय टाळतो, त्याच्याशीं व्यवहार संपला असें समजावें. आजचा एकांत मोबाईलमध्येंही असतो. जाहिरातींत छायाचित्र सुंदर, किंमत निम्मी, आणि ‘दुसरें गिऱ्हाईक तयार आहे, हजार रुपये आगाऊ पाठवा म्हणजे माल राखून ठेवतों’ असा तगादा. पैसे गेले कीं तो क्रमांकही गेला. येथें एक साधी कसोटी आहे. त्या भागावर छापलेला क्रमांक स्पष्ट दिसेल अशा रीतीनें, शेजारीं आजचें वर्तमानपत्र ठेवून नवें छायाचित्र पाठवावयास सांगावें. ज्याच्यापाशीं वस्तु खरोखर आहे त्याला हें पांच मिनिटांचें काम आहे. ज्यानें दुसऱ्याचें चित्र उचललेलें असतें तो चिडतो. आणखी एक गोष्ट घरांतील सर्वांनीं, विशेषतः वृद्धांनीं, पक्की ध्यानांत ठेवावी : पैसे घेण्यासाठीं आपला गुप्त आंकडा कधींच टाकावा लागत नाहीं, तो फक्त देण्यासाठीं लागतो. ‘चुकून जास्त आले, परत पाठवितों, हा चौकोन टिपून पिन टाका’ असें जो म्हणतो तो ठकच होय. फसगत झाल्यास लाजेनें गप्प न बसतां तत्काळ १९३० ह्या क्रमांकावर कळवावें. जितका उशीर, तितके पैसे हातून लांब जातात.

तिसरी खूण हीन मूल्याची. जुन्या भागाची किंमत नव्याच्या निम्म्यापर्यंत उतरणें स्वाभाविक आहे. परंतु ती दशांशावर आली तर त्या स्वस्ताईचें कारण विचारावयास हवें. आणि चौथी खूण अवेळेची. रात्रीं उशिरां, घाईघाईनें, ‘आजच्या आज न्या’ असें म्हणून जी वस्तु विकली जाते, तिला दिवसाचा उजेड सोसवत नाहीं.

ह्या खुणांकडे दुर्लक्ष केल्यास काय होतें? पहिली गोष्ट, वस्तु जाते. आपल्या देशाच्या १९३० सालच्या मालविक्रीच्या कायद्याचें सर्वसाधारण तत्त्व हेंच आहे कीं, विकणाऱ्याजवळ जेवढा हक्क असेल त्याहून अधिक हक्क घेणाऱ्याला मिळत नाहीं. चोराजवळ हक्क शून्य, म्हणून आपलाही शून्य. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमान्वयें, माल चोरीचा आहे असें ठाऊक असतांना, किंवा तसें मानण्यास कारण असतांना, तो अप्रामाणिकपणें घेणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. ‘मानण्यास कारण’ ह्या शब्दांकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. याज्ञवल्क्याच्या चार खुणा म्हणजे हेंच ‘कारण’ होय.

कोणी म्हणेल, आपल्या बाजूस असले प्रकार थोडेच होतात? परंतु सुट्या भागांना गांव नसतें. उत्तर प्रदेशांत मीरत शहरीं सोतीगंज नांवाचा एक बाजार होता. चोरीच्या गाड्या सोडवून त्यांचे भाग विकणारा म्हणून त्याची ख्याति देशभर झाली होती. २०२१ च्या डिसेंबरांत पोलिसांनीं तो बंद पाडला. तसल्या बाजारांतून निघालेला माल ट्रकांतून व टपालांतून कोठेंही जातो. गाडी अखंड असतां तिला क्रमांक असतो, तिची ओळख पटते. तिचे शंभर तुकडे झाले कीं बहुतेकांची ओळख पुसली जाते, आणि चोराला हवें असतें तें तेंच.

चोरीचा विचार झाला. आतां दुसऱ्या एका प्रकाराकडे वळूं. ह्यांत चोरी नसते, पावतीही खरी असते, तरी वस्तु घातक असते. सांगलीकरांना हा प्रकार एका उदाहरणानें चटकन समजेल. हरिपूरचीं हळदीचीं पेवें प्रसिद्ध आहेत. जमिनीच्या पोटांत वर्षानुवर्षें हळद जशीच्या तशी राहावी, अशी त्या मातीची किमया. परंतु २००५ च्या महापुरांत त्या पेवांत पाणी शिरलें, आणि हळद गेली. पाणी लागलेली हळद वाळवून, वर पिवळा रंग चढवून कोणी विकूं लागला, तर आपल्याकडील कोणता व्यापारी ती घेईल? तो कांडें मोडून आंतील रंग पाहील, वास घेईल, आणि पुढें चालूं लागेल.

आतां मोटारींचा विचार करा. २०१९ च्या ऑगस्टांत कृष्णेचें पाणी आयर्विन पुलापाशीं ५७ फुटांच्या वर गेलें. धोक्याची पातळी तेथें ४५ फूट आहे. २०२१ च्या जुलैंत नदीनें पुन्हा ती पातळी ओलांडली. दोन्ही वेळां सांगलींतील वसाहतींतून उभ्या गाड्या दिवसच्या दिवस पाण्याखालीं राहिल्या. अशी गाडी दुरुस्त करणें परवडण्यासारखें नसलें म्हणजे विमा कंपनी मालकास भरपाई देते, आणि बुडालेली गाडी मोडीच्या भावानें लिलावांत निघते. ह्यांत बेकायदेशीर कांहीं नाहीं. परंतु पुढें ती गाडी सोडविली जाते, तिचे भाग धुतले जातात, वाळविले जातात, आणि ‘अपघाती गाडीचा, उत्तम स्थितींतील’ म्हणून दूरच्या गांवीं विकले जातात. दरवाजा असेल तर फारसें बिघडत नाहीं. पण विजेवर चालणारा भाग असेल तर तो हरिपूरच्या त्या हळदीसारखा आंतून गेलेला असतो.

पुराचें पाणी स्वच्छ नसतें. त्यांत गाळ, क्षार, मैला सर्व असतें. तें नियंत्रक पेटींत, स्टार्टरांत, अल्टरनेटरांत, तारांच्या सांध्यांत शिरतें. पाणी सुकतें, क्षार राहतात, आणि तांब्याला हळूहळू हिरवा गंज चढूं लागतो. विक्रीच्या दिवशीं तो भाग चालतो. म्हणूनच तो विकला जातो. कांहीं आठवड्यांनीं, कदाचित् कुंभार्लीच्या घाटांतील वळणावर, तो एकाएकीं बंद पडतो. म्हणून असा भाग हातांत घेतांना प्रथम त्याच्या जोडणीच्या पिना भिंगानें पाहाव्या. हिरवट अथवा पांढरी पूड दिसली तर तेथेंच थांबावें. स्क्रूच्या खांचांत व क्लिपांच्या खालीं बारीक गाळ आहे काय, पेटी पूर्वीं उघडल्याच्या खुणा आहेत काय, कुबट वास येतो काय, हें पाहावें. शक्य असल्यास ज्या गाडींतून भाग निघाला ती गाडीच पाहावी. तिच्या आसनांखालच्या लोखंडी पट्ट्या व बोल्ट गंजलेले असले तर ती पाण्यांतून आली आहे, हें उघड आहे. वरून कितीही गालिचे बदलले तरी त्या पट्ट्या खोटें बोलत नाहींत.

कांहीं भाग असे आहेत कीं ते कितीही चांगले दिसोत, जुने घेऊंच नयेत. ब्रेकचे पॅड, ब्रेकच्या रबरी नळ्या, मास्टर सिलिंडर, स्टिअरिंगचे सांधे व दांडे, टायमिंगचा पट्टा, टायर, आसनपट्टे आणि एअरबॅगा, हे त्यांतील मुख्य. पसरणीचा घाट उतरतांना अथवा खंबाटकीच्या वळणावर ब्रेकच्या नळीनें दगा दिला, तर वांचविलेले दोन हजार रुपये कोणाच्या कामास येतील? एअरबॅग तर एकदांच उघडावयाची वस्तु आहे, आणि पुष्कळ आधुनिक गाड्यांत आसनपट्ट्याला ताण देणारा भागही एकाच अपघातापुरता असतो. येथें एक निर्दय लबाडी चालते, ती सर्वांनीं ओळखून ठेवावी. फुटलेली एअरबॅग न बदलतां वरचें झांकण नवें बसवितात, आणि धोक्याचा दिवा लागूं नये म्हणून तारेंत एक क्षुल्लक रोधक जोडून देतात. गाडी सुरूं करतांना एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझला पाहिजे. तो मुळींच लागत नसेल, तर तो काढलेला आहे असें समजून तपास करावा. रोधक जोडणारा मात्र हा दिवाही चकवूं शकतो. म्हणून अपघात झालेली गाडी घेतांना अधिकृत केंद्रांत तपासणी करून घेणें हाच मार्ग.

टायराविषयीं दोन शब्द अधिक. झिजलेल्या टायरावर तापलेल्या सुरीनें नव्या खांचा कोरून, काळें पॉलिश लावून तो नव्यासारखा करतात. अशा टायराच्या पोटांतील दोरे उघडे पडण्याच्या बेतास आलेले असतात. टायराच्या बाजूवर शेवटीं चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढील दोन वर्ष. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. लहान मुलांनाही हें शिकवून ठेवावें. तीं आनंदानें वाचतात व विसरत नाहींत.

डबाबंद ‘नव्या’ मालाचीही पारख हवी, कारण नव्या डब्यांत जुना अथवा नकली भाग घालून विकण्याची कला पुष्कळांना अवगत आहे. डब्यावर बनविणाऱ्याचें नांव, पत्ता, महिना-वर्ष व कमाल किंमत छापलेली असावी. अक्षरें पुसट, शुद्धलेखन चुकीचें, मोहोर फाटलेली असल्यास डबा परत करावा. शुद्धलेखनाचा एवढा प्रत्यक्ष फायदा माझ्या विद्यार्थ्यांना मी शाळेंत कधीं सांगूं शकलों नाहीं.

जुनें इंजिन घेण्याचा प्रसंग आला तर विशेष जपावें. इंजिनावर क्रमांक कोरलेला असतो आणि तो गाडीच्या नोंदणीपुस्तकांत लिहिलेला असतो. ज्या गाडीचें इंजिन निघालें तिच्या नोंदणीची प्रत मागून क्रमांक अक्षरशः ताडून पाहावा. क्रमांकाभोंवतीं कानस मारल्याच्या खुणा असतील, अक्षरें वेडींवांकडीं असतील, तर तें इंजिन फुकट मिळालें तरी घेऊं नये. तेल घालावयाच्या झांकणाच्या आंतल्या बाजूस सायीसारखा पांढुरका थर असल्यास तेलांत पाणी गेल्याचा संशय घ्यावा. इंजिन बसविल्यावर १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमास अनुसरून परिवहन कार्यालयांत त्याची नोंद केलीच पाहिजे. नाहीं तर पुढें अपघाताच्या वेळीं विमा कंपनीला भांडावयास आयतें कारण मिळतें.

गॅरेजांतील व्यवहाराविषयीं. आपल्या भागांतील बहुसंख्य मिस्त्री प्रामाणिक व कष्टाळू आहेत, आणि त्यांच्यावर उगाच संशय घेणें अन्यायाचें होईल. परंतु प्रामाणिक माणसालाही हिशेब आवडतो. म्हणून गाडी देतांना एवढेंच सांगावें कीं, काढलेला जुना भाग आम्हांस परत पाहिजे. ह्या एका वाक्यानें दोन लाभ होतात. भाग खरोखर बदलला कीं नाहीं तें कळतें, आणि आपला चांगला भाग काढून दुसऱ्याच्या गाडींत जाण्याचा मार्ग बंद होतो. पावतींत भागाचा क्रमांक, तो नवा कीं वापरलेला, आणि किती दिवसांची हमी, ह्या तीन गोष्टी लिहून घ्याव्या. पावती असल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागतां येते. १९१५ ह्या क्रमांकावर सल्लाही मिळतो. पावती नसल्यास उरते ती केवळ हळहळ.

एवढ्यानें विषय संपत नाहीं, कारण आपण केवळ घेणारे नसतों, विकणारेही असतों. वाड्याच्या चौकांत धूळ खात पडलेली जुनी गाडी एके दिवशीं भंगारवाल्याला वजनावर दिली जाते. चार हजार रुपये हातीं आले कीं घरांत जागा झाल्याचा आनंद होतो. परंतु तिची नोंदणी रद्द केलेली नसते. पुढें तोच क्रमांक, तोच सांगाड्याचा कापलेला तुकडा, दुसऱ्या एखाद्या चोरीच्या गाडीला चिकटविला जातो. पुराणांतील परकायाप्रवेशच हा! त्या गाडीनें गुन्हा केला कीं पोलिस येतात ते आपल्या दारीं. वास्तविक गाडी निकामी झाल्यावर चौदा दिवसांच्या आंत, अथवा शक्य तितक्या लवकर, तसें कळविण्याचें कर्तव्य त्याच कायद्याच्या ५५ व्या कलमानें मालकावर टाकलें आहे. २०२१ सालच्या नियमांनुसार आतां नोंदणीकृत मोडकेंद्रेंही निघालीं आहेत. तेथें गाडी चोरीची नाहीं ना हें तपासून ती घेतात, आणि मालकाला प्रमाणपत्र देतात. घरची गाडी मोडींत काढावयाची तर ती अशाच ठिकाणीं द्यावी. आपण विकलेल्या गाडीचे कागद नीट असले, तर तिचा भाग घेणाऱ्या दुसऱ्या एखाद्या गृहस्थालाही त्याची जन्मकथा विचारतां येईल.

आतां भगिनींच्या प्रश्नाचें उत्तर. धाकट्या दिरांनीं शोधलेली ती पेटी घेऊं नये. ती विजेची आहे, ती स्टिअरिंगची आहे, विकणारा अज्ञात आहे, आणि ती कोणत्या गाडींतून निघाली हें कोणालाच ठाऊक नाहीं. एवढीं कारणें एकत्र आल्यावर स्वस्ताईचा मोह धरण्याचें प्रयोजन उरत नाहीं. शिवाय अशा पेट्या पुष्कळदां त्या त्या गाडीशींच जुळविलेल्या असतात. भागाचा क्रमांक एका अक्षरानें चुकला तरी ती बसत नाहीं, आणि बसली तरी जुळत नाहीं. आपलीच पेटी दुरुस्त करून देणारे जाणकार मोठ्या शहरांत असतात. पावती व हमी घेऊन तो प्रयत्न आधीं करावा. तो न साधल्यास नवी घ्यावी, आणि तिचा खर्च तिघां भावांनीं वांटून घ्यावा. त्या गाडींत बसणारीं माणसें तिघांचींही आहेत.

परंतु भावोजींना नाउमेद करूं नये. काटकसर करण्याची त्यांची वृत्ति चांगलीच आहे. तिला योग्य दिशा मात्र हवी. गाडीचा मागचा दिवा फुटला असेल, आरसा तडकला असेल, दरवाजाची मूठ निघाली असेल, तर तें काम त्यांच्याकडे अवश्य सोंपवावें. त्यांनीं उजेडांत जावें, दुकानांत जावें, कागद पाहावा, पावती घ्यावी, आणि मामंजींना येऊन दाखवावी.